वेल्डरच्या डाव्या कानातले प्रथिन

मित्रांनो, मी एक जुने प्रथिन आहे, आणि जुने होणे हाच माझा अपराध. आमच्या कुळात कोणी म्हातारे होत नाही. पेशीने आम्हाला घडवायचे आणि काम नसले की घटकाभरात मोडून टाकायचे, अशी रीत. शास्त्रज्ञ आम्हाला पी-त्रेपन्न म्हणतात.

आमचे घर एका वेल्डरच्या डाव्या कानाच्या कडेला, कातडीच्या एका पेशीत. वेल्डर देवमाणूस, हात चालू असले की तोंडात भक्तीचे काहीतरी गुणगुणणे. लोखंडी फाटक सांधताना तो मास्क घ्यायचा. पण आधी चौकट जुळवायला दोन-चार टाके मारायचे असले, की नुसते डोळे मिटून मान उजवीकडे वळवायचा. डावा कान झगझगाटासमोर उघडा.

फाटकांना रंग देणारी त्याची बायको म्हणायची, "अहो, टाक्यालाही मास्क घ्या की. देवाने कान दोन दिलेत, पण माझं ऐकायला एकही नाही."

"एका टाक्याने काय होतंय?" तो हसायचा.

त्या झगझगाटाने पेशीतली जनुके दुखावत. मग आम्हाला मोडणे थांबे, आमची संख्या वाढे. चौघे हातात हात घालून आम्ही आधी वाढ थांबवणारे जनुक चालू करायचो. पेशीला म्हणायचो, थांब बाई, दुरुस्ती होऊ दे. ती नाहीच जमली, तर मरणाची जनुके चालू करायचो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भट्ट्यांना भोके पडत, ती स्वतःला नीट आवरून घेई, शेजारणी उरलेसुरले पोटात घेत. गाजावाजा नाही. वेळेवर उठून जागा मोकळी करणे हीसुद्धा सेवाच की. वेल्डरला दिसायचे ते फक्त कानाचे निघालेले साल.

पण एक घाव नेमका आम्हाला घडवणाऱ्या जनुकावरच बसला. मी जन्मले ते वाकडा हात घेऊन. जनुक धरता येईना. माझ्यामुळे इतर तिघांचीही पकड सुटे. मला मोडायलाही कोणी येईना, म्हणून मी जगत राहिले. पेशी पुन्हा दुखावली. 'आता ऊठ' हे तिला सांगायचे काम माझे होते. माझ्या हातून ते झाले नाही. एकीच्या दोन झाल्या, दोनांच्या चार.

कानावर खपली धरली. बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. तो म्हणाला, ठिणगी लागली असेल. दीड वर्ष असेच गेले. शेवटी खपलीखालची कर्करोगाची गाठ कापली, तिच्याबरोबर अर्धा कानही गेला.

आता मी प्रयोगशाळेत काचपट्टीवर आहे. तपासणाऱ्या बाईंनी रंग घातला. निरोगी पेशी फिक्या राहिल्या, आमची गर्दी तपकिरी उमटली. "केवढं साठलंय हे," त्या पुटपुटल्या.

अहवाल न्यायला वेल्डर आणि त्याची बायको खिडकीशी आले होते. तो तिला म्हणाला, "आता दीडच कान उरलाय, पण ऐकतो. बोल."

तिला थट्टा सुचली नाही. "मास्क," एवढेच म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही कानाशी कोणीतरी असेच सांगत असेल. त्याचे ऐका. न भरणारी खपली लपवू नका. आतून सांगणारे आम्ही कधी मुके होऊ, याचा काही नेम नाही.