बसा, बसा

माझी धाकटी जाऊ परदेशी गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलायला लागली, की मी काहीतरी निमित्त काढून तिच्या मागच्या स्टुलावर जाऊन बसायचे. मला इंग्रजी येत नाही. पण माणसं कळतात, असा माझा समज होता.

आमचा रंगाचे ब्रश बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, माडीवरच्या दोन खोल्या, व्हार्निशचा वास आणि हात चालवत गप्पा मारणाऱ्या बायका. सासऱ्यांनंतर तो मीच चालवला. अलीकडे बाजारात प्लॅस्टिकच्या मुठी आल्या आणि आमच्या लाकडी मुठींना कुणी विचारेना. ही परदेशी ऑर्डर मिळाली तर कारखाना तगणार होता, नाहीतर टाळं लागल्यातच जमा. आणि ती सोपवायची कुणावर, तर धाकटीवर, जिच्या सख्ख्या भावाचं ब्रशचंच दुकान! शंकेची पाल चुकचुकली नसती तरच नवल.

तिची लक्षणंही तशीच. आधी लॅपटॉपच्या पडद्यावरच्या त्या गिऱ्हाईक बाईशी हसणं-खिदळणं. "काय बोलत होतीस?" विचारलं तर म्हणे, "त्यांच्याकडे आज थंडी आहे." थंडीत हसण्यासारखं काय असतं? मी सासऱ्यांपासूनची कहाणी, आमच्या ब्रशचा केस कसा गळत नाही, सगळं घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचे, आणि ही ते एका वाक्यात उरकायची. बाकीचं जायचं कुठे? भावाकडे? घरी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की हिचा फोन ओट्यावर पालथा.

त्या दिवशी मालाच्या तारखेवरून गाडं अडलं. त्यांना माल महिन्यात हवा, मला हवे दोन महिने. धाकटी आपली ऐकून घेतेय, मान डोलावतेय, मधूनच सॉरी म्हणतेय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अशा वेळी काय करायचं ते सासऱ्यांनी मला शिकवलंय. उठायचं. सरळ उठून चालू लागायचं. गिऱ्हाईक दारापर्यंत जाऊ देत नाही. "अहो, बसा, बसा" करत परत बसवतं आणि मग मधला मार्ग निघतो. माझी सगळी हयात या उठण्यावर गेली आहे.

"सांग तिला, जमणार नाही," मी म्हटलं आणि उठून लॅपटॉपचं झाकण फाडकन मिटलं.

"ताई, हे काय केलंत?" धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बघच तू. आत्ता फोन येईल."

फोन आला नाही. संध्याकाळी मेल आला. धाकटीनं मोबाइलवर वाचून दाखवला. तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

"कसला निर्णय? मी नुसती उठले होते!" माझा विश्वास बसेना. तिचा मोबाइल उचलून मी तडक शेजारच्या औषधवाल्याकडे गेले. त्यानं चष्मा लावून तेच वाचलं.

परत आले तर धाकटी उभीच होती. "पटलं? मी दीड महिना मागणार होते, ती देणारही होती. त्यांच्यात उठलं की संपलं, ताई. मागून कुणी हाक मारत नाही."

"आणि माझं एवढं बोलणं एका वाक्यात का गुंडाळायचीस?"

"कारण तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच आहे. ती भाषा ना तिची, ना माझी. दोघी जपून एकेक वाक्य टाकतो. अडखळलो की हसतो. एवढंच." तिनं माझ्या हातातून मोबाइल घेतला, पर्स खांद्याला अडकवली. "उद्यापासून मी येत नाही. तुमचं तुम्ही बघा."

जिन्यावर तिची पावलं वाजली. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हिला भावाकडे जायला निमित्तच हवं होतं. मग वाटलं, हे उठणं कुठलं? आमच्यातलं, कुणीतरी हाक मारावी म्हणून केलेलं? की त्यांच्यातलं, संपलं म्हणजे संपलं? ती दोन्हीकडे वावरते, सांगायचं कुणी? आणि मला तर हाक मारायची सवयच नाही. जन्मभर मी उठले, हाका लोकांनी मारल्या. लाज वाटली, पण त्याहून भीती जास्त वाटली.

जिन्याच्या तोंडाशी धावत जाऊन मी ओरडले, "अगं, थांब! ये, बस, बस!"

धाकटी शेवटच्या पायरीवर उभी होती.

"चप्पल सापडत नव्हती," ती म्हणाली.

चप्पल तिच्या पायातच होती.

वर येऊन तिनं लॅपटॉप उघडला. मी माझं स्टूल तिच्या मागून उचललं आणि शेजारी ठेवलं.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"त्या बाईलाही हाक मार," मी म्हटलं. "कशी मारायची, ते तुझं तू ठरव."