रोजावरचं गिऱ्हाईक

"इस्तरीचं शर्ट घालून कंच्या सोयरिकीला चाललाव?" सरोजानं चुलीपुढनंच विचारलं.

"कामाला," सहादेव भांग पाडत म्हणाला.

"भांग पारून कोनचा काम करताव?"

"गिऱ्हाइकाचा."

या नवरा-बायकोच्या आणि माझ्या घरांत एकच कुडाची भिंत, त्यामुळं खारी गावात हे आधी मला कळलं. मालकानं मिठागर बंद केल्यापासून सहादेव घरी बसून होता. जन्मभर खाऱ्या पाण्यात मीठ ओढलेला गडी. त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्यातच गावाच्या तोंडाशी भातखाचरात मुरूम टाकून बिल्डरनं दुमजली शॉपिंग सेंटर उठवलं. गाळे झाले, काचा लागल्या; गाळे घ्यायला मात्र कुत्रं फिरकेना. मोजकी दुकानं उघडली होती, ती माश्या मारत होती. रविवारी मुंबईचे व्यापारी गाळे बघायला येणार, म्हणून बिल्डरचा माणूस ईश्वरभाई यानं मिठागरातले रिकामे गडी रोजावर गिऱ्हाईक म्हणून बोलावले होते.

"भाव पूछनेका, माल देखनेका, लेनेका नहीं," त्यानं बजावलं होतं.

"आनि माल मनाला आवरला त?" सहादेवनं विचारलं होतं.

"तो भी नहीं."

सरोजानं ऐकून घेतलं. "मिठानं पाय फुटलं, आता काचंवर चाला," म्हणाली आणि टोपली उचलून मळ्यात गेली. मळा म्हणजे शॉपिंग सेंटरमागचा जमीनदाराचा तुकडा. ती तो वाट्यानं करायची.

रविवारी ऊन असं, की मुरूम तव्यासारखा तापलेला. आत गार होतं. आमचे गडी साड्यांचे भाव विचारत फिरत होते. दगडू पाटलानं तर चपला काढून दुकानाला नमस्कार केला.

व्यापारी आले तेव्हा खरी गर्दी मात्र बाहेर होती. पायरीवर सरोजा भेंडी, माठ, दुधी मांडून बसली होती आणि शेजारच्या गोडदेवच्या नव्या बिल्डिंगींतल्या बायकांनी तिला घेरलं होतं.

ईश्वरभाईचं डोकं फिरलं. "सहादेव! उस बाई को उठाव. वॉचमन की नोकरी तेरी पक्की."

पक्की नोकरी. सहादेवच्या तोंडाला पाणी सुटलं. ती बाई त्याची कोण, हे भाईला ठाऊक नव्हतं. तो पायरीपाशी गेला. सरोजानं मान वर केली.

"उठवायला आलाव?"

सहादेवनं मागं पाहिलं, भाई बघत होता. पुढं पाहिलं, बायको बघत होती. तो उकिडवा बसला.

"भेंडी कशी दिलीस गो?"

सरोजानं भाव सांगितला.

"एवरा? सोन्याची हाय का?"

"परवडत न्हाय त चालू परा! सकालपासना भांग पारून फुकट फिरताव!"

घरी वीस वर्षं झालेली भांडणं त्या दोघांनी पायरीवर काढली. रस्त्यावरची माणसं थांबली, रिक्षा थांबल्या. शेवटी सहादेवनं हार खाल्ली आणि आगाऊ मिळालेला दिवसाचा रोज बायकोच्या हातावर ठेवून भेंडी घेतली. ईश्वरभाईनं कपाळाला हात लावला.

पण एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं पायरीलगतचाच गाळा मागितला. "आ मासी अहीं बेसे तो ज," असंही म्हणाला, म्हणजे ही मावशी इथं बसणार असेल तरच. भाजीला आलेली बाई किराणाही नेईल, एवढा त्याचा साधा हिशोब. ईश्वरभाई सरोजापुढं येऊन वाकला. "मौसी, रोज आना हां."

"उद्या सवर न्हाय," सरोजा म्हणाली. "परवा बगू."

वॉचमन बाहेरगावचा आला. सहादेव टोपल्या वाहू लागला. गाळे मात्र भराभर गेले. इतके, की पाऊस सरल्यावर जमीनदारानं मागचा मळाही बिल्डरला दिला. उभ्या दुधीच्या वेलांवर मुरूम पडला. सरोजा त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं नवऱ्याला हलवलं, "उठा. वसईला जावा लागल भाजीला."

परवा मी पायरीवर उभा होतो. एका बाईनं माठाची जुडी हुंगून विचारलं, "मावशी, गावची भाजी ना?"

"व्हय बाय, गावचीच."

टोपली उतरवताना सहादेव हळूच मला म्हणाला, "कंच्या गावची, ता नको इचारू म्हन तिला."