आठवी पिढी

अकरावा टोमॅटो काटेसाहेबांनी पारड्यात ठेवला, तराजू स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला आणि आकडा वहीत उतरवला. ब्याण्णव ग्रॅम. त्याच्या वर ब्याण्णव, त्याच्या वर एक्याण्णव, मग पुन्हा ब्याण्णव. अकरा झाडांची अकरा फळं, आणि सगळ्यांत हलक्या नि सगळ्यांत जड फळात फरक अवघा तीन ग्रॅमचा. एकालाही देठाशी चीर नाही.

दुसरा कोणी असता तर गल्लीभर सांगत सुटला असता. काटेसाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"काय झालं?" बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"काही नाही. सगळं बरोबर आहे."

"मग तोंड असं का केलंय?"

"म्हणूनच."

काटे हे त्यांचं आडनाव नव्हतंच. बत्तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनंमापं तपासत हिंडले, तेव्हा दुकानदारांनी ठेवलेलं ते नाव. दुरून त्यांची सायकल दिसली की "आला काटा" अशी कुजबुज व्हायची. पुढे त्याला साहेब चिकटलं आणि तेच कायम झालं. त्या बत्तीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पक्की गाठीला बांधली होती. ज्या दुकानात एकूण एक वजन बरोबर निघतं, तिथे आदल्या दिवशीच कोणीतरी वर्दी दिलेली असते. सचोटीच्या दुकानातसुद्धा एखादं माप झिजलेलं असतंच.

टोमॅटोचा नाद निवृत्तीनंतरचा. बाजारातल्या एका संकरित टोमॅटोच्या बिया त्यांनी सहज कुंडीत टाकल्या होत्या. संकरिताच्या पोटी काय निपजेल याचा नेम नसतो. आईबाप दोन घरचे, पोरं बारा गावची. एका झाडाला लिंबाएवढी फळं आली, दुसऱ्याला लांबोडकी, तिसऱ्याची चव म्हणजे नुसतं पाणी. चौथ्याचं फळ मात्र त्यांनी मीठ लावून तोंडात टाकलं आणि ते उभ्या उभ्या संपवलं. त्या झाडाचं बी त्यांनी राखलं. पुढच्या वर्षी त्याच्या पोरांतलं सगळ्यांत गुणी एक निवडलं, बाकीची उपटली. असं दरवर्षी. फुलांवर जाळीच्या पिशव्या, दर झाडाला क्रमांक, दर वर्षाला वेगळी वही. उनाड पोरं हळूहळू कमी होत गेली. सातव्या वर्षी बारांतली दहा एका वळणाची निघाली, तेव्हा त्यांनी ठरवलं, आठवी पिढी आली की वाण स्थिर झाला म्हणायचं आणि बी मोकळ्या हाताने वाटायचं. 'येत्या रविवारी या', असं ओळखीच्यांना सांगूनही झालं होतं.

मध्ये एकच खंड पडला होता. रोपं चार पानांवर असताना त्यांच्या छातीत कळ आली. एकवीस दिवस हॉस्पिटल, आणि घरी आल्यावर दीड महिना जिना बंद. ते गच्चीवर पोचले तोवर झाडं कमरेएवढी होऊन फळाला आली होती. एवढ्या दिवसांत गच्चीची किल्ली मेव्हण्याकडे होती.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आयुष्यभर बस चालवली, लग्न केलं नाही, आणि गेल्या वर्षापासून बहिणीकडे राहायला आला. झाडांना पाणी तोच घालायचा. तराजू बघून तो हसला.

"भाऊजी, पेन्शनीत निघालात तरी धाड घालायची खोड काही जात नाही तुमची."

काटेसाहेब हसले नाहीत. त्यांनी एक टोमॅटो चिरला, फोड तोंडात टाकली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पाणचट लागतोय."

"औषधांनी तोंडाची चव गेली असेल," बायको म्हणाली.

फार चटकन म्हणाली. भावाकडे न बघता म्हणाली.

गच्चीच्या कोपऱ्यात, रंगाच्या जुन्या बादलीत बारावं झाड होतं. खुरटं, उशिरा फळलेलं. त्याची फळं लहान, कडेला चुण्या पडलेली, देठाशी तडकलेली. दुपारी काटेसाहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हे वाया गेलं. उपटून टाक."

मेव्हणा पुढे झाला. तेवढ्यात कपडे वाळत घालणारी बायको एकदम वळली. "अहो, राहू दे ना ते!"

आठ वर्षं ती या झाडांना "माझ्या सवती" म्हणत आली होती. सवतीला ऊन लागलं का, सवत जेवली का, असा तिचा टोमणा रोजचा. आता त्यांतल्या सगळ्यांत कुरूप सवतीसाठी तिचा जीव का खालीवर व्हावा? त्या दिवसापासून काटेसाहेबांनी कान टवकारले. ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले की भावाबहिणीचं बोलणं तुटायचं. एकदा तर मेव्हण्याने मध्येच हवामानाचा विषय काढला.

शनिवारी सकाळी बायको दळण आणायला गेली तेव्हा ते एकटेच चमचा घेऊन वर गेले. पहिल्या कुंडीत बुंध्यापाशी हलक्या हाताने उकरलं. बोटभर खाली मुळांमध्ये तांबूस भुसा लागला, नारळाच्या सालीचा. मुळांचा गड्डा चौकोनी, साच्यातून काढल्यासारखा. दुसऱ्या कुंडीत तेच. तिसऱ्या, चौथ्या, अकराही कुंड्यांत तेच. नर्सरीवाले ट्रेच्या खणांत असली रोपं करतात. काटेसाहेबांनी जन्मात कधी तो भुसा वापरला नव्हता.

शेवटी ते बादलीपाशी गुडघ्यावर बसले. तिथे काळी माती होती, आणि तिच्यात अंड्याच्या टरफलांचा चुरा. हा चुरा ते स्वतः, बाटलीने लाटून, चाळून घालत.

त्यांनी त्या खुरट्या झाडाचं एक तडकलेलं फळ तोडलं आणि तसंच दाताखाली धरलं. तोंडाची चव कुठेही गेली नव्हती.

मेव्हणा पाण्याचा पाइप घेऊन वर आला तेव्हा ते उपड्या कुंडीवर बसले होते.

"कोणाला विकलीस?"

"काय?"

"माझी रोपं. ही अकरा नर्सरीतली आहेत. खरं बोल."

मेव्हण्याच्या जिभेवर सदा एखादी कोटी तयार असायची. आज नव्हती. त्याने पाइप खाली ठेवला.

"मेली, भाऊजी."

"कशानं?"

"पाण्यावाचून." तो कठड्याला टेकला. "तुम्ही काचेपलीकडे. ताई बाहेरच्या बाकावर. मी खाली, कधी औषधांच्या रांगेत, कधी रक्ताच्या. सहा दिवस घराला कुलूप होतं, आणि ऊन हे असं. सातव्या दिवशी ताई कपडे न्यायला आली तर काड्या झालेल्या. एक तेवढं तुम्ही बाथरूमच्या खिडकीत ठेवलेलं, फळीवर जागा नव्हती म्हणून. तिथला नळ गळतो ना, ते जगलं."

"डबीत बी होतं की."

"मोजून ठेवलेलं. त्रेपन्न. डबीवर तुम्हीच लिहिलंय. ताईनं डबी हातात घेतली नि परत ठेवली. म्हणाली, एक जरी कमी झालं तरी ह्यांना कळेल. मग नर्सरीतून ही अकरा आणली."

काटेसाहेब आपल्या मातकट बोटांकडे बघत राहिले.

"मी म्हटलं, सांगून टाकू. तर म्हणाली, आधी घरी येऊ देत. घरी आलात, तर म्हणाली, जिना चढू देत. जिना चढलात, तेव्हा ही झाडं बघून तुम्ही किती वेळ उभे होतात, ते मागून बघितलं तिनं. मग तिची जीभच रेटेना."

"आणि उद्या? हे संकरिताचं बी लोकांना वाटलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल, माहीत आहे?"

"मला थोडंफार. तिला टोमॅटो म्हणजे टोमॅटो." तो पाइप उचलायला वाकला, मग थांबला. "भाऊजी, मी बोललो असं तिला..."

"पाणी घाल," काटेसाहेब म्हणाले. "बादलीतल्याला आधी."

ते खाली आले तेव्हा बायको दळण ठेवून जमिनीवर बसली होती. पुढ्यात खाकी कागदाचे चौकोनी तुकडे, वाटीत खळ. ती बियांसाठी पुड्या चिकटवत होती.

"चाळीस झाल्या. पुरतील?"

त्यांनी एक पुडी उचलली. कडा कडेला अचूक मिळालेल्या होत्या. तिच्या बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती. तिने मान वर केली नाही.

आपल्याच घरात आपल्याविरुद्ध कट शिजतोय असं गेले आठ दिवस त्यांना वाटत होतं. तो शिजत होताच. पुरावा हाताशी होता, साक्षीदार फुटला होता. अशा वेळी पूर्वी ते पिशवीतून पंचनाम्याचा कागद काढत. हॉस्पिटलचे ते दिवस आठवले की त्यांना फक्त छत आठवायचं, आणि उशाशी टिकटिकणारं यंत्र. काचेबाहेर काय होतं ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"बाक कसला होता गं तिथे?"

"कुठे?"

"हॉस्पिटलात. काचेबाहेर."

तिचा हात थांबला. "लोखंडी. का?"

"असंच."

रविवारी दहाच्या सुमाराला माणसं जमली. शाळेतल्या बाई, नुकतीच निवृत्त झालेली नर्स, शेजारचा शिंपी. आणि किराणा दुकानदार. एकोणीस वर्षांपूर्वी पारड्याखाली चाळीस ग्रॅमचा फरक निघाला म्हणून काटेसाहेबांनी त्याचा तराजू भर बाजारातून उचलून नेला होता. तो गयावया करत होता, नोकराची चूक म्हणत होता, पण यांनी ऐकलं नव्हतं. "दुकान तुमचं, चूक तुमची," एवढंच म्हणाले होते. आता त्याचंही वय झालं होतं आणि त्याच्याही गच्चीवर कुंड्या होत्या.

काटेसाहेब उभे राहिले.

"यंदा बी मिळणार नाही. वरची अकरा झाडं माझ्या वाणाची नाहीत. त्यांचं बी लावलंत तर काय उगवेल ते मलाही सांगता येणार नाही. एकच झाड खरं आहे. त्याचं बी आणि जुनं थोडं आहे ते, दोन्ही लावून बघीन. पटलं तर बोलवीन."

खोलीत चुळबुळ झाली. मेव्हण्याला एकाएकी छताचा पंखा बघण्याजोगा वाटू लागला. दुकानदार मात्र पुढे सरकून बसला.

"पण साहेब, घोटाळा झाला कुठे? तुमच्यासारख्या माणसाच्या घरात? केला कोणी?"

स्वयंपाकघराचा पडदा हलला. चहाचा ट्रे घेऊन बायको दारात आली होती. तिथेच थांबली.

"मी," काटेसाहेब म्हणाले. "आजारी पडायच्या आधी नर्सरीतली रोपं आणली होती, ती माझ्याच हातून मिसळली."

"तुमच्या हातून?"

"हो. लिहून हवं असेल तर देतो."

दुकानदाराने नजर वळवली आणि शिंप्याला उगीचच काहीतरी विचारलं.

बायकोने एकेकाला चहा दिला. काटेसाहेबांपाशी ती सगळ्यांत शेवटी आली. कप पुढे ठेवला. बशी सरळच होती, तरी ती पुन्हा सरळ केली, आणि हात तिच्यावर तसाच ठेवून उभी राहिली. नर्सने दोनदा साखर मागितली, पण तिला ऐकू गेलं नाही.