उजव्या कानाचा आवाज

मी मार्लीनचा फोन बोलतोय. काचेचा चुरा झालाय, कड वाकलीय, तेव्हा बोलणं तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

अमेरिकेत, केंटकीतल्या एका दुकानातून मार्लीननं मला घेतलं तेव्हा मी नवाकोरा होतो. ती कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला होती आणि सुट्टी झाली की माझी गाणी ऐकायची. डाव्या कानात गिटार, उजव्या कानात गाणारी बाई, अशी माझी ऐट. मग त्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, डेलनं, तिच्या डाव्या कानाखाली अशी लगावली की पडदाच फाटला. उशी रक्तानं भिजली. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बाजूंचा आवाज एक केला. उजव्या कानाला तरी सगळं गाणं मिळावं म्हणून. मला फार वाईट वाटलं.

"पायऱ्यांवरून पडली बाई," असं डेलची आई ओपल सगळ्यांना सांगायची. त्यांचं घर म्हणजे चाकांवरचं लांबट खोकं, दारापुढे इवल्याशा पायऱ्या. तिथून पडून कुणाचा कान फुटतो? पण गावानं माना डोलावल्या, लेकाचे!

पुढे एकदा डेल बुटांनी तिच्या बरगड्यांत लाथा घालत सुटला. तो दारात दिसताच तिनं माझं रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. सगळं मी पोटात घेतलं. त्याच रागात त्यानं स्वतःचा फोन भिंतीवर फोडला आणि मला खिशात घातलं. "बहिणीला फोन लावतेस काय गं? आता हा माझ्याकडे राहील."

शनिवारी फुटबॉलचा सामना होता, डेल मार्लीनला आणि ओपललाही घेऊन जाणार होता. सामन्याआधी मैदानाबाहेर ट्रक लावायचे, शेगडीवर मांस भाजायचं, बिअर प्यायची आणि ट्रकमधून गाणी वाजवायची, ही तिथली रीत. डेल आंघोळीला गेला तेव्हा मार्लीननं मला त्याच्या पँटच्या खिशातून काढलं. माझ्या सेटिंगमध्ये तिनं हुकूम भरले: ट्रकशी जोडला की ते रेकॉर्डिंग आपोआप वाजव. तेवढंच पुन्हा पुन्हा वाजव. आवाज पूर्ण. मग तिनं मला परत त्याच्या खिशात सरकवलं. त्याला कळलं असतं तर त्यानं तिचा जीवच घेतला असता.

"थांबा रे, गाणी लावतो!" म्हणत डेलनं ट्रक चालू केला आणि त्याचाच आवाज मैदानभर घुमला. "ऊठ! नाहीतर दुसराही कान फोडीन!" मग लाथांचे आवाज, मग मार्लीनची किंकाळी.

"कसला सिनेमा लावलास रे?" कुणीतरी हसलं. पुन्हा तेच वाजलं, तेव्हा कुणी हसलं नाही. डेल मला बंद करू पाहत होता, पण त्याची बोटं डुकराच्या चरबीनं माखलेली, काच दाद देईना, आणि त्या घाईत ट्रकच बंद करावा हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं लोखंडी पहार घेऊन मला ठेचलं आणि तशीच उगारून मार्लीनवर धावला.

मध्ये ओपल आली. "आधी मला मार," ती म्हणाली. "तुझ्या बापाचा मार खाल्ल्यावर मीसुद्धा पायऱ्यांचंच नाव सांगायचे."

पहार तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तेव्हा कुठे पुरुषांनी बिअर खाली टाकली आणि डेलला चिखलात दाबून धरलं.

आता डेल तुरुंगात आहे, मार्लीन बहिणीकडे आणि मी पोलिसांच्या कपाटात, पिशवीत. एक मागणं आहे. तुमच्या शेजारी कुणी एकाच कानानं गाणं ऐकत असेल, तर माझ्यासारख्याची वाट पाहू नका. तिला विचारा. उजव्या बाजूला बसून विचारा.