आग्रहाचा चमचा

विपुलभाई कुणाला नोकरीवरून काढत नाहीत. ते वाढतात.

ते आमचे शेठ. मीरा रोडला, हाटकेशच्या इंडस्ट्रीत त्यांचं चमच्यांचं युनिट आहे. स्टीलचे चमचे, काटे, डाव. मी तिथे डिस्पॅच बघतो, म्हणजे खोकं भरलं की त्यावर सही करतो. मागच्या उन्हाळ्यात शेठ आम्हा सगळ्यांना थाळी खायला घेऊन गेले आणि पॅकिंगच्या लवूच्या ताटात स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा बासुंदी ओतली. "ले बेटा, लाजू नको." लवूला अगदी भरून आलं. सोमवारी तो कामावर आला तेव्हा त्याची खुर्ची जागेवर नव्हती. दिवाळीच्या पार्टीत मृणालिनीला गुलाबजाम. तिचीही खुर्ची गेली. शेठ मनाने फार मऊ आहेत. कुणाला तोंडावर 'उद्यापासून येऊ नको' म्हणणं त्यांना जमत नाही. नाही म्हणणंच जमत नाही त्यांना.

त्यामुळे "शनिवारी संध्याकाळी थाई खायला जाऊ" असं शेठ म्हणाले तेव्हा युनिटमध्ये सुतक पडलं.

"सगळ्यांनी यायलाच पाहिजे का, शेठ?" अकाउंट्सच्या ममताताईंनी विचारलं. एरवी त्या फुकटचं कॅलेंडरसुद्धा सोडत नाहीत.

"अरे, फॅमिली आहे आपली."

मला त्या सोमवारी खुर्ची लागणारच होती. माझं जिच्याशी जुळत होतं त्या चांदणीचे वडील, शिवदासराव, ऑफिस बघायला येणार होते. मुलगा बघून झाला होता, आता मुलाची खुर्ची बघायची होती. ती पसंत पडली की साखरपुडा.

हॉटेल भाईंदर पश्चिमेला, नवीनच निघालेलं. दारात फायबरचा हत्ती, सोंडेला सॅनिटायझरची बाटली. टेबलावर आम्ही पाच जण: शेठ, ममताताई, सेल्सचा साईराज, पॉलिशवाले उत्तमकाका आणि मी. उत्तमकाका नवघरचे. त्यांच्या घरची मिठागरं होती म्हणे. आता ते दिवसभर उभं राहून चमचे चमकवतात.

साईराजने बसल्या बसल्या चॉपस्टिक मागितल्या. शेठचा चेहरा पडला.

"चॉपस्टिक? चमच्यावर जगतोस आणि काडीने खातोस?"

"सर, थायलंडमध्ये चमच्यानेच खातात," वेटर म्हणाला.

शेठनी त्याच्याकडे असं बघितलं की वाटलं, याला दत्तक घेतात की काय. मग त्यांनी जैन ग्रीन करी मागवली.

"सर, कांदा, लसूण, आलं, सगळं काढावं लागेल."

"मग राहणार काय?"

वेटरने विचार केला. "रंग राहील, सर."

"चालेल."

करी आली आणि शेठनी खिशातून आपल्याच युनिटचा मोठा चमचा काढला. सँपल. हॉटेलात ते नेहमी त्यानेच वाढतात. तो चमचा टेबलावर फिरायला लागला तसे सगळे कामाला लागले. ममताताईंनी ताटावर आडवा हात धरला. "माझी संकष्टी आहे."

"ती परवा झाली," साईराज म्हणाला.

"मी दोन धरते."

साईराजने स्वतःच आपलं ताट काठोकाठ भरून घेतलं होतं, म्हणजे वाढायला जागाच नको. खात मात्र काहीच नव्हता, कारण खाल्लं की जागा होणार. उत्तमकाकांनी गालाला हात लावला. "मना नको, शेठ. दाढ दुखतंय." मी भाताची तटबंदी उभारली आणि मध्ये पापड रोवला.

"काय रे, सगळे उपाशी आलात की उपाशी जायला आलात?" शेठ हसले. बाकी कुणी हसलं नाही. "ऑर्डरी कमी झाल्यात, माहितीये ना. पण जेवणात कमी नको."

चमचा करीत बुडला, वर आला आणि सरळ माझ्याकडे निघाला. त्याच्या पाठीवर मला माझा चेहरा दिसला, मधेच फुगलेला. पॉलिश उत्तमकाकांचंच. एक डाग नव्हता.

"सुयोग बेटा, ले."

"शेठ, काकांना द्या ना," मी म्हणालो. "पातळ आहे, दाढेला बरं. त्यांना लाज वाटते मागायला."

चमचा हवेत थांबला. शेठनी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. नाही म्हणणं त्यांना जमत नाही. चमचा वळला.

"लो, उत्तमभाई. और लो. शरमाना नहीं."

काका ताटातल्या हिरव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गालावरचा हात काढला.

"आता वाढला हाय तं टाकाचा न्हाय," ते म्हणाले आणि भाताशी कालवून सगळं संपवलं. बोटंसुद्धा चाटली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

साईराजने सुटकेचा श्वास सोडला आणि पहिला घास घेतला. "छान आहे," तो म्हणाला. ममताताईंनी संकष्टी सोडली.

सोमवारी माझी खुर्ची होती. मी आधी हात लावून बघितली, मग पुसली. पॉलिशचं मशीन बंद होतं. काकांना मुळात खुर्चीच नव्हती, त्यामुळे शेठना काही हलवावं लागलं नाही. मशीनवर काकांचा पंचा तेवढा राहिला होता. साईराजने त्याला हात पुसले.

शिवदासराव आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी पाठ टेकून बघितली, एकदा डावीकडे फिरले, एकदा उजवीकडे.

"चाकं छान आहेत," ते म्हणाले. "पक्की नोकरी वाटते."

तेवढ्यात शेठ केबिनमधून स्वतः खारीची बशी घेऊन बाहेर आले. पाहुण्यांना त्यांनी एक दिली. मग बशी माझ्यापुढे धरली.

"घे बेटा. शनिवारी तुला वाढायचं राहूनच गेलं."

"नको शेठ, नाश्ता झालाय."

"अरे घे. लाजू नको." एक खारी हातात, दुसरी तिच्यावर. ममताताईंनी कीबोर्डमध्ये डोकं घातलं.

शिवदासरावांचे डोळे पाणावले. "नशीब काढलंत हो, सुयोग," ते म्हणाले. "असा माया करणारा मालक आजकाल मिळतो कुठे."

"आणखी एक घे," शेठ म्हणाले.

मी तिसरीही घेतली. बसावं म्हणून मी मागे हात नेला. खुर्चीत शिवदासराव होते.