डॅरिल जिथे वळायचा

शनिवारी सकाळी जून नावाच्या बाईच्या हॉटेलात, खिडकीजवळच्या टेबलावर, आदल्या संध्याकाळच्या सामन्याची चिरफाड चालायची. नदीकाठचा पोलादाचा कारखाना बंद पडला, तरणी माणसं कोलंबसला नाहीतर पिट्सबर्गला निघून गेली, पण शाळेची अमेरिकन फुटबॉलची टीम होती तोवर बेल्टन फेरी गावाला भांडायला विषय होता. त्या वर्षी तर तो शोधावाही लागत नव्हता. टीमचा क्वार्टरबॅक निको, ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू व्हायची, तो पोरगा दर सामन्यात चेंडू जणू बांधून समोरच्या टीमला देत होता. गेल्या वर्षी याच पोराला गावाने डोक्यावर घेतलं होतं.

वेंडेल कोव्हाच आत आला की टेबल जरा गप्प व्हायचं. कुणीतरी खुर्ची सरकवायचं, जून न विचारता कॉफी आणून ठेवायची. मग वेंडेलच म्हणायचा, की चालू द्या, माझ्यासाठी थांबू नका. त्याला ते भांडण हवं असायचं. गावात घरं ऊबदार ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त करत फिरणारा हा माणूस मुळातच कमी बोलणारा. त्या जून महिन्यापासून तर त्याचं बोलणं आणखीच कमी झालं होतं.

जून महिन्यात वेंडेलचा एकुलता एक मुलगा डॅरिल एका सकाळी न्याहारीला खाली आला नाही. वेंडेल उठवायला वर गेला. पोराच्या हृदयात जन्मापासूनच दोष होता, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. कळायला काही मार्गच नव्हता, कुणाचीही चूक नाही. ते बिचारे धीर द्यायला बोलले होते. पण वेंडेलला त्या वाक्याचं काय करावं हेच कळेना. लोरेटा, त्याची बायको, निदान रडायची. तो गाडी घेऊन लोकांच्या तळघरांत जायचा आणि भट्टीसमोर नुसता बसून राहायचा.

हॉटेलातल्या टेबलावर मात्र प्रत्येक गोष्टीला कुणीतरी जबाबदार होतं. तेच त्याला बरं वाटायचं.

कारखान्यातून निवृत्त झालेला अर्ल हॅचर म्हणायचा की दोष पुढच्या फळीचा. ती धिप्पाड पोरं क्वार्टरबॅकला श्वास घेण्याइतकाही वेळ देत नाहीत. पीट डोंब्रोस्कीचा पुतण्या त्याच फळीत असल्यामुळे पीटला ते झोंबायचं. त्याच्या मते निकोचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कोच हॉलिसला तर सगळेच अधूनमधून झोडपून घ्यायचे. पण ऑक्टोबर लागला तसा सगळ्यांचा रोख एकाच पोराकडे वळला. आयझेया टेट. डॅरिलच्या जागी आलेला नवा रिसीव्हर, पुढे पळत जाऊन निकोने फेकलेला चेंडू झेलणारा.

"पोरगं पळतं झकास," अर्ल म्हणाला. "पण चेंडू एका गावाला आणि हा दुसऱ्या."

"दिसत नाही का त्याला चेंडू?"

"दिसतो ना. दुसऱ्याच्या हातात गेल्यावर."

टेबल हसलं. मग वेंडेल तिथेच बसलाय हे लक्षात येऊन ओशाळलं. वेंडेल कपात बघत राहिला. चेंडू कुठे जातो हे त्या टेबलावर त्याला एकट्याला माहीत होतं.

पहिल्या सामन्यात त्याला योगायोग वाटला होता. दुसऱ्या सामन्यात तेच झालं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. आयझेया कडेच्या रेषेला धरून सरळ लांब पळत गेला, कोचने शिकवलं होतं तसा. त्याला अडवणारा मागे मागे सरकत होता. आणि निकोने फेकलेला चेंडू आयझेयाच्या बराच मागे, रेषेच्या अगदी जवळ, जिथे कुणीही नव्हतं तिथे उतरला. अडवणारा समोर बघतच होता. दोन ढांगा पुढे येऊन त्याने तो अलगद घेतला.

ती जागा वेंडेलला पाठ होती. घरामागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या खांबाशी, डॅरिल आणि निको पार लहान असल्यापासून तेच खेळायचे. डॅरिल जीव खाऊन पळायचा, आणि अडवायला उभा असलेला वेंडेल मागे हटतोय असं दिसलं की खांबापाशी गपकन थांबून बाहेर वळायचा. वळायच्या आधीच चेंडू निकोच्या हातून सुटलेला असायचा. निको बघायचाही नाही. ते कोचच्या कुठल्या आकृतीत नव्हतं. शाळेच्या टीममध्ये गेल्यावरही दोघं गुपचूप तेच करत राहिले, आणि हॉलिस बाहेरून ओरडत असला तरी चेंडू हातात येतोय म्हटल्यावर फार बोलायचा नाही.

आता डॅरिल नव्हता. पण समोरचा मागे हटला की निकोचा हात अजून त्याच्यासाठीच सुटत होता.

त्यानंतर वेंडेलने एकही सामना चुकवला नाही. बाकांच्या सगळ्यात वरच्या रांगेत, कडेला, एकटा बसायचा. लोकांना वाटायचं, काय छाती आहे या माणसाची. खरं तर तो खेळ बघतच नव्हता. तो फक्त त्या रेषेकडे बघायचा. चेंडू हवेत असायचा तेवढा वेळ, तो जिथे पडणार त्या रिकाम्या गवतावर, त्याला आपला मुलगा थांबताना दिसायचा. उजवा पाय रोवलेला, खांदा वळलेला, हात छातीशी. मग चेंडू पडायचा, नाहीतर परका कुणी घेऊन पळायचा, आणि सगळी बाकं एकदम कण्हायची. त्या कण्हण्यात वेंडेल एकटा सुखावलेला असायचा. पुढच्या शुक्रवारपर्यंत तेवढं त्याला पुरायचं. गाव हरत होतं आणि आपण मनात म्हणतोय की अजून एकदा फेक, हे त्याला कळत होतं. लाजही वाटायची. तरी शुक्रवार आला की पाय आपोआप मैदानाकडे वळायचे.

लोरेटाला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. ती मैदानाकडे फिरकत नव्हती, आणि तो कसा जाऊ शकतो हे तिला समजत नव्हतं.

एका सोमवारी तो दूध घ्यायला सुपरमार्केटात गेला. बिलाच्या टेबलाशी आयझेयाची आई, व्हर्नेल टेट, काम करायची. वेंडेलच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने पिशवीत सामान भरता भरता तिला हसत हसत म्हटलं, की पोराला चष्मा लावून घ्या बाई, गाव वर्गणी काढील. व्हर्नेलने हातातली पावाची लादी खाली ठेवली.

"कोचने जिथे जा सांगितलं तिथे जातो माझा मुलगा," ती शांतपणे म्हणाली. "त्याने आणखी कुठे असायला हवं होतं ते मला कुणीतरी सांगा. मी घरी जाऊन त्याला सांगते. हल्ली तो जेवत नाहीये."

तो माणूस काहीतरी पुटपुटत गेला. वेंडेलची पाळी आली. व्हर्नेलने त्याला ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. मिसेस कोव्हाच कशा आहेत, तिने विचारलं. डॅरिल गेला तेव्हा ती त्यांच्याकडे जेवणाचं भांडं घेऊन आली होती.  वेंडेल दूध तिथेच विसरून बाहेर आला.

घरी येऊन त्याने स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच लोरेटाला सगळं सांगितलं. चेंडू कुठे जातो, का जातो, आणि ते बघायला आपण का जातो. आयझेयाबद्दलही सांगितलं. उद्या हॉलिसकडे जाऊन सांगून टाकतो, तो म्हणाला.

लोरेटा ओट्याला टेकली. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"इतके दिवस तू एकटाच त्याला बघत होतास," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"या शुक्रवारपर्यंत थांब. मला बघू दे. एकदाच."

त्या शुक्रवारी दोघं वरच्या रांगेत, एकाच घोंगडीत बसली. लोक वळून वळून बघत होते. पहिला अर्धा खेळ तसं काहीच झालं नाही. निको जपून खेळत होता, चेंडू दुसऱ्याच पोराकडे देत होता. लोरेटाचे हात गार पडले होते. मग मध्यंतरानंतर आयझेया रेषेने सुटला, समोरचा मागे हटला, आणि वेंडेलने नुसतं म्हटलं, "आता."

चेंडू वर गेला. लोरेटा उठून उभी राहिली. तिला काय दिसलं ते तिने कधी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. पण तिच्या घशातून जो आवाज आला तो तिने पाळण्यातल्या डॅरिलसाठी काढलेला त्याने ऐकला होता. मग समोरच्या टीमचा पोरगा चेंडू घेऊन पार दुसऱ्या टोकाला गेला. बाकांवरून कुणीतरी आयझेयाचं नाव घेऊन शिवी दिली. मैदानावर आयझेया कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभा होता. लोरेटा त्याच्याकडे बघत हळूहळू खाली बसली.

"लहान आहे रे तो," ती म्हणाली.

सामना हरल्यावर गर्दी पांगली, पण निको कपडे बदलायला गेला नाही. मैदानाच्या कडेला बाकावर हेल्मेट मांडीत घेऊन बसून राहिला. लोरेटा पायऱ्या उतरून सरळ त्याच्याकडे गेली, वेंडेल मागोमाग. तिला बघून निको ताडकन उठला. डॅरिल गेल्यापासून तो त्यांच्या घराकडे आला नव्हता.

"बस रे," लोरेटा म्हणाली. "तू कुणाला फेकतोस ते आम्हाला माहीत आहे."

पोराचं तोंड वेडंवाकडं झालं. 

"मी मुद्दाम नाही करत, मिसेस कोव्हाच. शपथ. आयझेया लांब पळतोय हे मला दिसतं. पण मला पावलं ऐकू येतात. डॅरिलची. धप धप, आणि मग एकदम थांबतात. ती थांबली की माझा हात सुटतो. मी कुणाला सांगू? वेड लागलंय म्हणतील."

"कोचला बोलला नाहीस?"

"कोच म्हणतो आयझेयाची चूक. मी तसंच म्हणू दिलं." तो हातातल्या हेल्मेटकडे बघत होता. "आणि खरं सांगू? ती पावलं बंद व्हावीत असं मला वाटत नाही."

वेंडेल इतका वेळ मागे उभा होता. आता तो पुढे येऊन निकोच्या शेजारी बसला. पोराच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण ठेवला नाही.

"मलाही नाही वाटत," तो म्हणाला. "पण त्या टेटच्या पोराने जेवण सोडलंय."

रविवारी दुपारी लोरेटाने दोन्ही पोरांना घरी बोलावलं. निको आधी आला. आयझेया आईबरोबर आला आणि फाटकाशीच घुटमळला. आपल्याला कशाला बोलावलंय हे त्याला कळत नव्हतं, बोलणी खायची तयारी ठेवूनच आला असावा. निकोने त्याला मागच्या अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. काय बोलला ते मोठ्यांना ऐकू गेलं नाही. आयझेयाने एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. मग कोट काढून कुंपणावर टाकला.

अडवायला वेंडेल उभा राहिला. दुसरं कोण राहणार? आयझेया उंच होता, त्याची ढांग लांब; थांबायला त्याला जड जायचं आणि खांब ओलांडून पुढे जायचा. चेंडू कुंपणावर आदळायचा. निको न चिडता पुन्हा पुन्हा सांगत होता की वळताना विचार करू नकोस, समोरच्याची टाच मागे पडली की थांब. वेंडेल मागे हटत होता, पुन्हा जागेवर येत होता. त्याचे गुडघे दुखायला लागले. शेवटी एकदा आयझेया खांबाशी गपकन थांबला, उजवा पाय रोवला, खांदा वळवला, आणि चेंडू त्याच्या छातीत येऊन बसला.

आयझेया हसला. उन्हाळ्यापासून या अंगणात कुणी हसलं नव्हतं.  पाणी आणतो म्हणून वेंडेल आत गेला आणि नळ सोडून, बेसिनच्या दोन्ही कडा धरून उभा राहिला. खिडकीशी लोरेटा आणि व्हर्नेल उभ्या होत्या. दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही, हे त्यांचे उपकारच झाले.

पुढच्या शुक्रवारी मैदानावर तीच चाल आली. समोरचा मागे हटला, आयझेया थांबला, वळला, आणि बाकांवरचं सगळं गाव ओरडत उठलं. व्हर्नेल ओंजळीत तोंड लपवून रडत होती. लोरेटाने टाळ्या वाजवल्या. वेंडेल बसूनच राहिला. त्याने त्या गवतावर नजर खिळवून ठेवली होती, अगदी शेवटपर्यंत, आणि तिथे आयझेया टेटशिवाय कुणीही आलं नव्हतं.

परतताना लोरेटा गाडी चालवत होती.

"वाईट वाटतंय का तुला?" तिने विचारलं. "आपण सांगितलं त्याचं?"

"हो," वेंडेल म्हणाला.

तिने मान हलवली आणि एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

टीम उरलेल्या सामन्यांतले बरेचसे जिंकली, पण पुढच्या फेरीत जायला तेवढं पुरलं नाही. लोरेटा शेवटपर्यंत जात राहिली, व्हर्नेलच्या शेजारी बसायची. वेंडेल मात्र पुन्हा गेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो मागच्या पायरीवर कोट घालून बसायचा. वारा नदीकडून असला की मैदानावरचा बँड आणि भोंग्यावरची नावं तिथपर्यंत ऐकू यायची, निकोचं, आयझेयाचं. तो ती नावं ऐकायचा. मग गावाचा गलका व्हायचा, आणि गलका ओसरला की तो कान देऊन बसायचा, अंगणातल्या अंधारात कुणी पळतंय का ते ऐकत, लोरेटाच्या गाडीचे दिवे फाटकावर पडेपर्यंत.