भिंगरी गप्प बसली

मुख्याध्यापिका बाई स्वतःला मुलांच्या मनातलं सगळं कळतं असं समजत. पहिलीतली भिंगरी जागेवर टिकत नाही, म्हणून त्यांनी उपाय काढला होता. पालकांसमोर एक अख्खी गोष्ट संपेपर्यंत ती हलली नाही तर वर्गात राहील. नाहीतर आईने दुसरी शाळा बघावी. भिंगरीला घेणारी ही तिसरी शाळा होती आणि चौथी आसपास नव्हतीच. डॉक्टरांनी अतिचंचलतेचं निदान केलं होतं. पोरीच्या मनात धास्ती बसलीय, ती वाढवू नका, असंही बजावलं होतं. पण डॉक्टर काय, नुसते डॉक्टर! बाईंकडे अनुभव होता आणि लाकडी पट्टी होती.

आई मागच्या बाकावर बसली. शेजारी आत्या, न बोलावता आलेली.

"लाडाने बिघडलीय गं पोर. आमच्या वेळी होतं का असलं काही?"

"होतं की, ताई. तुमच्या भावालाच विचारा. वर्गाच्या खिडकीतून उडी मारून पळायचे ना ते?"

आत्याने तोंड वाकडं केलं.

बाईंनी शहाण्या मुंगीची रटाळ गोष्ट सुरू केली. मोठ्यांनाही जांभया आल्या. भिंगरी मात्र हलली नाही. पाय नाही, मान नाही, पापणीसुद्धा जेमतेम. गोष्ट संपताच टाळ्या पडल्या.

"बघा! मनात आणलं की सगळं जमतं," बाई म्हणाल्या. आत्याने तर स्वतःच उपचार केल्यासारखी मान डोलावली.

आईने भिंगरीला व्हरांड्यात आणलं. पोरीचा फ्रॉक घामाने पाठीला चिकटला होता. वळलेल्या मुठी आईने हळूच उघडल्या. तळव्यांत नखं रुतली होती, एका ठिकाणी रक्त आलं होतं. आईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"झालं, बाळा. जा, पळ आता. मैदान मोकळं आहे."

भिंगरीने मैदानाकडे पाहिलंही नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ही पण परीक्षा आहे का गं?"

तेवढ्यात बाई दारात आल्या. "पाहिलंत? आता सांगूनही पळत नाही!"

"हिचं नाव काढून टाका," आई म्हणाली.

"अहो, पण ती पास झाली!"

"म्हणूनच."